दर सोमवारी मेनू गायब : दोन सिस्टिमच्या संगणकावर डिफॉल्ट टिकत नसेल तर

मामांचं वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात पत्रिकांचं छोटं दुकान आहे. मराठी लग्नपत्रिका, गुजराती कंकोत्री, वास्तुशांतीची, मुंजीची निमंत्रणं. त्यांचे जुने फॉन्ट आणि पान लावायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. संध्याकाळी साडेसातनंतर त्याच संगणकावर मी बसते, आणि माझं सगळं काम उबुंटू या लिनक्स सिस्टिमवर. म्हणून जुन्या डिस्कवर विंडोज तसंच ठेवून मी दुसरी डिस्क बसवली आणि तिच्यावर उबुंटू घातलं.

मामांची सकाळ ठरलेली आहे. शटर वर, संगणकाचं बटण, मग पाठ फिरवून गणपतीच्या तसबिरीपुढे दिवा-उदबत्ती. ते खुर्चीत येऊन बसतात तेव्हा विंडोज उघडलेलं असायला हवं. दुसऱ्या सिस्टिमचा त्यांच्याशी काही संबंध नाही, आणि असूही नये. पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. "अगं, तुझं ते जांभळं आलंय. गिऱ्हाईक प्रूफ बघायला उभं आहे. आता काय करू?"

कोणती सिस्टिम डिफॉल्ट, म्हणजे काही न निवडता आपोआप उघडणारी, ठेवायची, याबद्दल माझं मत तेव्हाच पक्कं झालं. बटण दाबून जो निघून जातो, त्याची. जो पडद्याकडे बघत बसतो त्याला बाणाची कळ दोनदा दाबायला त्रास होत नाही. शिवाय विंडोजचं मोठं अपडेट मध्येच दोन-तीनदा स्वतः रिस्टार्ट होतं. डिफॉल्ट उबुंटू असेल तर ते अपडेट अर्धवट राहून संगणक उबुंटूत येऊन थांबतो. दोघांत वाटलेल्या संगणकावर हा मुद्दा मोठा आहे.

आधी एक खुलासा. खालच्या आज्ञा आणि फायलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लिपीतच करायची. उबुंटूच्या आज्ञा छोट्या अक्षरांत, आणि सेटिंगच्या फायलीतल्या ग्रब_ ने सुरू होणाऱ्या ओळींची नावं मोठ्या अक्षरांत.

डिफॉल्ट दोन ठिकाणी ठरतं

बहुतेकांची गल्लत इथेच होते, माझीही झाली होती. डिफॉल्ट एका जागी ठरत नाही. बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डावरचं फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच असलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम, जागं होतं. आपण त्याला सवयीने बायोस म्हणतो, पण गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक बोर्डांवर ते यूईएफआय असतं. कोणाला आधी हाक मारायची याची एक क्रमवार यादी त्याच्याकडे असते, बूट ऑर्डर नावाची. त्या यादीत उबुंटू वर असेल तर ग्रब येतो, म्हणजे सिस्टिम निवडायचा तो जांभळा मेनू. मग ग्रब स्वतःच्या सेटिंगप्रमाणे ठरवतो की दहा सेकंदांत कोणी काही दाबलं नाही तर काय उघडायचं.

म्हणून बिघाड आला की सगळ्यात आधी एवढंच बघा, मेनू दिसतोय का? मेनू दिसतो पण उजळलेली ओळ चुकीची आहे, तर दुखणं ग्रबमध्ये. मेनू येतच नाही, संगणक थेट विंडोजमध्ये शिरतो, तर दुखणं फर्मवेअरमध्ये. ग्रबच्या फायलीत कितीही बदल केले तरी हा दुसरा प्रकार सुटत नाही, कारण त्या फायलीपर्यंत संगणक पोचलेलाच नसतो. आणि विंडोजमधल्या "स्टार्टअप अँड रिकव्हरी"च्या खिडकीत किंवा एमएसकॉन्फिगच्या बूट टॅबमध्ये तर फक्त विंडोजच्याच आवृत्त्या दिसतात. तिथे उबुंटू शोधण्यात लोक तासन् तास घालवतात.

आकडा लिहू नका, ओळख लिहा

ग्रबची सेटिंग /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फायलीत असते. तिच्यात "ग्रब_डिफॉल्ट=०" अशी ओळ असते. मोजणी शून्यापासून, म्हणजे ० ही मेनूतली पहिली ओळ, उबुंटू. आमच्या मेनूत विंडोज तिसऱ्या ओळीवर होतं, म्हणून मी ० च्या जागी २ लिहिलं, टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची उबुंटूची खिडकी) "सुडो अपडेट-ग्रब" चालवलं आणि निर्धास्त झाले. सगळीकडे हेच सांगितलेलं असतं आणि ते चालतंही. काही दिवस.

मग मी उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांचा फोन. यावेळी जांभळं नव्हतं, निळं होतं. निळ्या पडद्यावर कसले तरी आकडे आणि पुढे सरकणारी टक्केवारी. संगणकात व्हायरस शिरला असं वाटून त्यांनी थेट प्लगच काढला होता. तो व्हायरस नव्हता, मेमटेस्ट होता. रॅम तपासणाऱ्या त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती यूईएफआयवरही चालते, त्यामुळे मेनूत त्याच्या ओळी आल्या, त्याही विंडोजच्या वर. विंडोज खाली सरकलं आणि माझा २ हा आकडा मेमटेस्टवर जाऊन बसला.

आकड्याऐवजी नाव लिहावं, असं काही जण सुचवतात. मेनूतली "विंडोज बूट मॅनेजर" ही ओळ जशीच्या तशी, अवतरणचिन्हांत. आकड्यापेक्षा ते बरं. पण त्या नावाच्या शेवटी कंसात डिस्कचा पत्ता असतो, एसडीए१ किंवा एसडीबी१ असा काहीतरी. दोन डिस्क असलेल्या संगणकावर हा पत्ता बदलू शकतो. एखादी डिस्क दुसऱ्या केबलला लावली की नाव बदललं, आणि नाव जुळलं नाही की ग्रब गुपचूप पहिली ओळ उघडतो.

टिकतो तो तिसरा मार्ग. मेनूतल्या प्रत्येक ओळीला पडद्यावर न दिसणारी एक ओळख दिलेली असते. ती बघायला टर्मिनलमध्ये लिहा:

सुडो ग्रेप ओएसप्रोबर /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी

जी ओळ येईल तिच्यात "ओएसप्रोबर-ईएफआय-" आणि पुढे चार-चार अक्षरांचे दोन गट मध्ये आडवी रेघ घालून दिसतील. विंडोज ज्या छोट्या ईएफआय पार्टिशनवरून (डिस्कचा वेगळा केलेला भाग) सुरू होतं, त्या पार्टिशनचा तो क्रमांक. पार्टिशन फॉरमॅट करेपर्यंत तो बदलत नाही. हा पूर्ण शब्द अवतरणचिन्हांत ग्रब_डिफॉल्टपुढे लिहा, फाइल सेव्ह करा, सुडो अपडेट-ग्रब चालवा. मेनूत वर-खाली काहीही झालं तरी आता निवड विंडोजचीच.

त्याच फायलीत ग्रब_टाइमआउट आहे. दुकानात मी तो १० ठेवला आहे. दुकानातला जुना मॉनिटर उजळायलाच तीन-चार सेकंद घेतो, त्यामुळे ३ ठेवलं तर मेनू येऊन गेलेला कळतही नाही.

"सेव्ह्ड" आणि "सेव्हडिफॉल्ट" या जोडीची पुष्कळ जण शिफारस करतात. तिने शेवटी जी सिस्टिम निवडली तीच पुढच्या वेळी उघडते. एकटा माणूस वापरत असेल तर छान सोय आहे. वाटलेल्या संगणकावर मात्र वापरू नका. मी रात्री उबुंटू निवडलं की सकाळी मामांपुढे पुन्हा जांभळं उभं.

सोमवारचं कोडं

ग्रब मार्गी लागला, मामांचे फोन थांबले. आणि मग माझीच अडचण सुरू झाली. संध्याकाळी येऊन संगणक लावला की मेनूच नाही, थेट विंडोज. वरच्या कसोटीप्रमाणे हे फर्मवेअरचं काम. रिस्टार्ट केला, सुरुवातीलाच एफ१२ दाबून एकवेळचा बूट मेनू उघडला (कुठे एफ११, कुठे एफ९, कुठे एस्केप), उबुंटूत शिरले आणि "ईएफआयबूटएमजीआर" चालवलं. ही आज्ञा फर्मवेअरची यादी दाखवते. बूटऑर्डर ००००,०००३ असा क्रम आला. खाली ०००० पुढे विंडोज बूट मॅनेजर, ०००३ पुढे उबुंटू. क्रम उलटा करायला:

सुडो ईएफआयबूटएमजीआर -ओ ०००३,००००

तुमच्याकडचे आकडे वेगळे असतील, आधी यादी बघून घ्या. रिस्टार्ट केलं, मेनू परत आला. आठ दिवसांनी पुन्हा गेला. पुन्हा तीच आज्ञा. पुन्हा गेला.

अशा वेळी सगळ्यांची बोटं विंडोजच्या अपडेटकडे जातात. माझंही गेलं. विंडोजच्या मोठ्या आवृत्तीबदलानंतर त्याची नोंद यादीत वर येऊन बसल्याची उदाहरणं आहेत, त्यामुळे संशय अगदी निराधार नव्हता. पण मी वहीच्या मागच्या पानावर तारखा मांडायला सुरुवात केली होती, कोणत्या संध्याकाळी मेनू नव्हता त्याच्या. पाच तारखा झाल्यावर कॅलेंडर समोर धरलं. पाचही सोमवार. विंडोजची सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे ती साधारण बुधवारी येतात. दर सोमवारी बिघडायला अपडेटचं काहीच कारण नव्हतं.

रविवारी बाजार बंद असतो. मामांना विचारलं, शनिवारी दुकान बंद करताना तुम्ही काय वेगळं करता?

"मेन स्विच बंद करतो. रविवारभर कोणी नसतं, उगाच शॉर्टसर्किटची भीती."

"आणि रोज?"

"रोज नाही करत. पाटीचा दिवा रात्रभर चालू ठेवतो ना."

मग मी विचारलं, सोमवारी सकाळी संगणक लावल्यावर काही वेगळं दिसतं का. मामा अगदी सहज म्हणाले, "काही नाही गं. इंग्रजीत काहीतरी येतं, एफ-वन दाबा म्हणतं, ते दाबतो. मग तारीख जुनी दाखवतं, ती नीट करतो. तारीख चुकीची असली की बँकेची साइट उघडत नाही ना."

किती तरी सोमवार ते हे करत होते. त्यांच्या लेखी तो संगणक सुरू करण्याचाच भाग होता. मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

दोष बोर्डावरच्या सेलचा होता. सीआर २०३२, तीन व्होल्टचा बटण सेल. वीज नसताना बोर्डावरचं घड्याळ आणि सेटिंग यांना तो जागं ठेवतो. संगणक शट डाउन केला तरी प्लगमध्ये वीज असेल तर पॉवर सप्लाय बोर्डाला थोडीशी, पाच व्होल्टची स्टँडबाय वीज देत राहतो. सेलवर ताणच येत नाही. म्हणून मंगळवार ते शनिवार सगळं सुरळीत. मधेच तासभर लाइट गेली तरी अर्धमेला सेल तेवढं रेटून नेतो. पण शनिवारी रात्री नऊ ते सोमवारी सकाळी साडेनऊ, म्हणजे साडेछत्तीस तास, त्याच्याने निभत नव्हतं. सेटिंग पुसली जायची, एफ१ दाबलं की फर्मवेअर मूळ सेटिंगवर यायचं, आणि आमच्या बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये विंडोजची डिस्क पहिली होती. सगळे बोर्ड असंच वागतील असं नाही. काही बोर्ड बूटची यादी सेलवर अवलंबून नसलेल्या चिपमध्ये जपतात आणि फक्त घड्याळ चुकतं.

घड्याळाबद्दल एक फरक नीट लक्षात ठेवा, नाहीतर चांगला सेल काढून फेकाल. वर्षच जुनं दिसत असेल तर सेल. पण तारीख बरोबर आणि वेळ नेमकी साडेपाच तास मागे असेल, सकाळचे दहा वाजलेत आणि विंडोज साडेचार दाखवतंय, तर सेल उत्तम आहे. उबुंटू बोर्डाच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून फरकही तेवढाच. उबुंटूत "टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १" लिहिलं की भांडण मिटतं.

सेल बदलताना

सेल रावपुऱ्यातल्या घड्याळाच्या दुकानात मिळाला, सेव-उसळीच्या प्लेटपेक्षाही कमी पैशांत. बदलायला पाच मिनिटं लागतात. पण त्याआधीची पंधरा मिनिटं फार महत्त्वाची.

फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. विशेषतः साटा मोडचा, म्हणजे बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो त्या सेटिंगचा. तो एएचसीआय आहे की रेड (आरएआयडी) हे टिपून ठेवा. सेल काढल्यावर तो मूळ पर्यायावर गेला आणि तो पर्याय वेगळा निघाला, तर विंडोज सुरू होतानाच निळ्या पडद्यावर अडकतं. माणसं घाबरून फॉरमॅट करून टाकतात, आणि दुखणं फक्त एका ओळीचं असतं. सिक्युअर बूट चालू की बंद, तेही बघा. आणि विंडोजची डिस्क बिटलॉकरने बंदिस्त असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. फर्मवेअरची सेटिंग बदलली की विंडोज ती मागू शकतं, आणि की नसेल तर आतला एकही फॉन्ट, एकही पत्रिका परत मिळत नाही. मामांच्या डिस्कवर बिटलॉकर नव्हता. तरीही मी पत्रिकांचा फोल्डर आधी पेन ड्राइव्हवर घेतला, लग्नसराई तोंडावर होती.

मग प्लग काढा. नुसता स्विच बंद करू नका, वायरच काढा. पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, उरलीसुरली वीज निघून जाते. डबा उघडल्यावर सेल शोधावा लागत नाही, एक रुपयाच्या नाण्यासारखा चमकत असतो. कडेची छोटी पट्टी नखाने मागे ढकलली की तो स्वतःच वर उडी मारतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. मल्टिमीटर असेल तर जुना मोजून बघा. आमचा २.४ व्होल्ट दाखवत होता, नवा ३.२.

जोडणी झाल्यावर फर्मवेअरमध्ये शिरून तारीख-वेळ घाला, फोटो बघून बाकीचं जुळवा, बूट ऑर्डरमध्ये उबुंटू वर घ्या. नव्या सेलची तारीख मी मार्करने डब्याच्या आतल्या बाजूला लिहिली आहे, शेजारी चिठ्ठीवर ती ओएसप्रोबरची ओळखही.

बाकीच्या छोट्या गोष्टी

मेनू येतो पण त्यात विंडोज नाहीच: ग्रबच्या २.०६ या २०२१च्या आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टिम शोधणं मुळातच बंद ठेवलेलं असतं. त्याच फायलीत ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स ही ओळ घाला आणि अपडेट-ग्रब पुन्हा चालवा. तरीही दिसलं नाही तर दोन्ही सिस्टिम एकाच पद्धतीने बसवल्या आहेत का ते तपासा. उबुंटूत /सिस/फर्मवेअर/ईएफआय हा फोल्डर नसेल तर ते जुन्या बायोस पद्धतीने सुरू झालंय, आणि तिथून यूईएफआयवरचं विंडोज उघडता येत नाही.

लाइट गेल्यावर मेनू एकाएकी तीस सेकंद थांबायला लागला: उबुंटू सुरू होत असतानाच वीज गेली असेल तर पुढच्या वेळी ग्रब मुद्दाम जास्त थांबतो. एकदा नीट सुरू झालं की आपोआप पूर्ववत होतं. हात लावू नका.

उबुंटूत विंडोजची डिस्क फक्त वाचता येते, लिहिता येत नाही: विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की शट डाउन खऱ्या अर्थाने पूर्ण होत नाही.

यादीचा क्रम विंडोजमधूनच बदलायचा असेल तर अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये "बीसीडीएडिट /एनम फर्मवेअर" लिहून यादी बघता येते. पण बीसीडीएडिटने विंडोजच्या नोंदीचा पत्ताच उबुंटूच्या फायलीकडे वळवायचा जो नुस्खा फिरतो, तो करू नका. ग्रबला काही झालं तर विंडोजकडे जायची सरळ वाट राहत नाही.

काम झालं की तपासणी अशी करा: शट डाउन, मेन स्विच बंद, आणि जितका वेळ बंद ठेवल्यावर बिघाड होत होता तितका वेळ थांबा. आम्हाला रविवार जाऊ द्यावा लागला. सोमवारी सकाळी मी मुद्दाम दुकानात गेले. मामांनी शटर वर केलं, मेन लावला, संगणकाचं बटण दाबलं आणि काडेपेटी घेऊन तसबिरीकडे वळले. एफ१ची सूचना आली नाही. जांभळा मेनू आला, उजळलेली ओळ विंडोजची, दहाचे आकडे उलटे मोजून संपले. उदबत्तीची राख झटकून मामा खुर्चीत बसले, तारखेच्या कोपऱ्यात गेलेला माउस थांबला. "अरे, आज तारीख बरोबर आहे," म्हणाले, आणि त्यांनी अर्धी राहिलेली कंकोत्री उघडली.